गाळ्याला कुलूप घेण्याआधी कोयंडा मोजा

सांगलीत एखादा गाळा किंवा वखारीतली खोली भाड्याने घेतली की माणूस पहिल्याच दिवशी हार्डवेअरच्या दुकानात जातो, काउंटरवर मांडलेली चार-पाच कुलुपे हातात घेऊन त्यांचे वजन अजमावतो आणि सर्वांत जड लागेल ते पसंत करतो. पहिला गाळा घेतला तेव्हा मीही हेच केले होते. कुलूप खरोखरच दणकट होते, त्याची कडी बारा मिलिमीटर जाडीची होती. पण दाराच्या पट्टीचे भोक नऊ मिलिमीटरचे निघाले. समोरच्या वेल्डरने ते ड्रिलने मोठे करून दिले आणि भोकाच्या बाहेरच्या अंगाला जेमतेम तीन मिलिमीटर लोखंड उरले. काही महिन्यांनी माल उतरवताना एका हमालाच्या हातातली पहार त्या पट्टीत अडकली, झटका बसला आणि पट्टी भोकापाशी फाटली. कुलूप मात्र बंदच्या बंद, एक ओरखडाही न उठता, पायरीवर पडलेले होते. महाग कुलूप स्वस्त पट्टीला लावले की काय होते, हे मला चोराने नव्हे, आपल्याच माणसाने दाखवून दिले.

म्हणून हा लेख कुलपापासून सुरू होत नाही. ज्यांनी पहिल्यांदाच साठवणुकीची जागा घेतली आहे, मग ती मार्केट यार्डातला हळदीचा गाळा असो, कुपवाड एमआयडीसीतील शेड असो, किंवा बदली झाल्यामुळे घरचे सामान ठेवायला घेतलेली मिरजेतील एखादी खोली असो, त्यांनी खाली दिलेल्या क्रमानेच जावे. कुलूप विकत घेण्याचे काम या क्रमात बरेच उशिरा येते.

पहिली पायरी : दार ओळखा

सांगलीच्या एका भागाचे नावच वखारभाग आहे. माल साठवणे हा या गावाचा जुना उद्योग आहे. हरिपूरला हळद साठवायला जमिनीत पेवे खणत असत. पेव भरले की तोंड बंद करून वर माती लोटत, आत हवा खेळत नसल्यामुळे कीड लागत नसे, आणि त्या मातीलाच कुलूप म्हणायचे. २००५ च्या महापुरात त्यांतील पुष्कळ पेवे निकामी झाली आणि उरलासुरला माल जमिनीवर, शटरच्या आड आला. पेवाला चोराची भीती थोडी होती, कारण ते उघडून हळद बाहेर काढणे हे काही एका रात्रीत, गुपचूप उरकण्याचे काम नव्हते. शटरचे तसे नाही.

आपले दार पुढीलपैकी कोणत्या प्रकारचे आहे ते आधी पाहावे, कारण कुलपाचा आकार त्यावर ठरतो. रोलिंग शटर असेल तर कुलपे बहुधा दोन्ही कडांना, जमिनीलगत लागतात. लोखंडी पत्र्याचे दुपाखी दार असेल तर मधोमध अल्ड्रॉप, म्हणजे आडवा सरकणारा लोखंडी अडसर, असतो. जुन्या वाड्यातील लाकडी दाराला कडी-कोयंडा किंवा साखळी असते. आणि काही शेडना नुसतेच जाळीचे सरकते फाटक असते. दार उघड्यावर आहे की व्हरांड्याच्या आत, दारासमोर रात्री दिवा असतो की नाही, शेजारचा गाळा रात्री उशिरापर्यंत चालू असतो की संध्याकाळी सहालाच बंद होतो, हेही याच वेळी टिपून ठेवावे. जाळीच्या फाटकाला कितीही उत्तम कुलूप लावले तरी जाळीच कापता येते; तिथे पैसे कुलपावर न घालता जाळीला आतून पत्रा मारून घेण्यावर घालावेत.

शटर रुंद असेल तर एक गोष्ट मुद्दाम तपासावी. दोन्ही कडांची कुलपे लावून झाल्यावर शटरच्या खालच्या पट्टीला मधोमध हात घालून वर ओढून पाहावे. पट्टी वाकून चार-पाच बोटे वर उठत असेल, तर कडांची कुलपे कितीही मजबूत असली तरी ते शटर मधून उचकटता येईल. अशा शटरला सेंटर लॉक बसवून घ्यावे, किंवा मधोमध जमिनीत काँक्रीटमध्ये एक मजबूत कोयंडा रोवून तिथे तिसरे कुलूप लावावे. गाळा भाड्याचा असल्यास मालकाची परवानगी लागेल, पण मालक बहुधा नाही म्हणत नाहीत, कारण काम त्यांच्याच मालमत्तेचे होते.

दुसरी पायरी : कोयंडा, पट्टी आणि बोल्ट

या पायरीला जितका वेळ द्यावा तितका थोडा. कुलूप तोडणे अवघड गेले की चोर कुलपाचा नाद सोडतो आणि कुलूप ज्यात अडकवले आहे त्याकडे वळतो. पहार घालून कोयंडा उपटणे, पट्टी पिरगाळून फाडणे किंवा साधे पाने घेऊन बाहेरून दिसणारे नट खोलणे, यांपैकी काहीही कडी कापण्यापेक्षा सोपे आणि कमी आवाजाचे असते. मी पाहिलेल्या कितीतरी गाळ्यांवर हजारो रुपयांचे कुलूप लाकडी चौकटीत बसवलेल्या चार स्क्रूंच्या भरवशावर लटकलेले असते, आणि ते चारही स्क्रू बाहेरून स्क्रू-ड्रायव्हरने काढता येण्याजोगे असतात.

पाहण्याचा क्रम असा ठेवावा. दार बंद करून, कुलूप लावल्याच्या स्थितीत, बाहेर उभे राहून कोणकोणते स्क्रू, नट आणि बोल्टची डोकी दिसतात ते मोजावे. योग्य पट्टी बंद झाली की स्वतःचे स्क्रू स्वतःच झाकते. एकही स्क्रू उघडा दिसत असेल, तर ती पट्टी बदलावी किंवा स्क्रूच्या जागी आरपार जाणारे बोल्ट घालावेत. बोल्ट गोल, गुळगुळीत डोक्याचे आणि डोक्याखाली चौकोनी मान असलेले घ्यावेत. डोके बाहेर राहते, त्याला पाना लागत नाही, आणि नट आतल्या बाजूला येतो. लाकडी दाराला आतून मोठी वॉशर किंवा सलग लोखंडी पट्टीच लावावी, नाहीतर जोर लावल्यावर बोल्ट लाकूड फाडून बाहेर येतो. लोखंडी दाराला आणि शटरच्या कोयंड्याला वेल्डिंगच बरे, पण ते चारी बाजूंनी सलग असावे. दोन ठिकाणी टाके मारून केलेले वेल्डिंग दिसायला तसेच दिसते, हातोड्याचे दोन घाव बसले की सुटते. वेल्डर निघून जाण्याआधी स्वतः हातोडी घेऊन ठोकून पाहावे. चांगल्या कारागिराला त्याचा राग येत नाही.

बिजागऱ्या विसरू नयेत. दार बाहेर उघडत असेल तर बिजागरीचा खिळा बाहेर असतो, आणि तो ठोकून काढला की कुलपाला हात न लावता दार दुसऱ्या बाजूने निघते. खिळ्याच्या टोकाला वेल्डिंगचा एक थेंब टाकला की हा प्रश्न मिटतो.

आता मोजणी. व्हर्निअर कॅलिपर असेल तर उत्तमच, नसेल तर ड्रिलचे आठ, दहा आणि बारा मिलिमीटरचे बिट शेजारच्या फॅब्रिकेटरकडून पाच मिनिटांसाठी मागून आणावेत. भोकात कोणते बिट घट्ट जाते ते पाहिले की भोकाचे माप कळते. भोकाच्या कडेपासून पट्टीच्या बाहेरच्या कडेपर्यंत किती लोखंड आहे तेही मोजावे. ते निदान भोकाच्या व्यासाइतके असावे, असा माझा स्वतःचा हिशोब आहे, आणि तो वर सांगितलेल्या फाटलेल्या पट्टीनंतर ठरला आहे. तिसरे माप म्हणजे कोयंड्यापासून भिंतीपर्यंत किंवा जमिनीपर्यंतचे अंतर, कारण कुलपाचे अंग तिथे मावले पाहिजे आणि किल्ली फिरवायला बोटांना जागा उरली पाहिजे. ही तीन मापे कागदावर लिहून, शक्य असल्यास मोबाइलवर फोटो काढून, मगच दुकानात जावे.

तिसरी पायरी : कडीची जाडी आणि धातू

कुलपाच्या वरच्या वाकड्या सळईला आपण कडी म्हणतो, दुकानदार शॅकलही म्हणतात. कुलपावर ५०, ६० किंवा ६५ असा जो आकडा लिहिलेला असतो तो बहुधा कुलपाच्या अंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, कडीची जाडी नव्हे. मोठ्या अंगाच्या कुलपाला जाड कडी असतेच असे नाही, त्यामुळे कडी वेगळी मोजावी. सहा-सात मिलिमीटरची साध्या लोखंडाची कडी हातातल्या छोट्या बोल्ट कटरलाही दाद देत नाही असे समजू नये. ती सहज कापली जाते. मालाचा गाळा असेल तर दहा मिलिमीटरच्या खाली जाऊ नये आणि पट्टीचे भोक परवानगी देत असेल तर बारा घ्यावे.

जाडीइतकाच धातूही महत्त्वाचा. चांगल्या कडीला पृष्ठभागावर कठीण केलेले असते, म्हणजे बाहेरचा थर इतका टणक की हॅक्सॉ ब्लेडचे दात त्यावर घसरतात आणि आतला गाभा थोडा लवचीक, म्हणजे हातोड्याने घाव घातल्यावर कडी काचेसारखी तडकत नाही. अशा कडीवर ‘हार्डन्ड’ असा शब्द कोरलेला असतो. बोरॉनमिश्रित पोलादाची असेल तर तसाही उल्लेख असतो. दुकानदार ओळखीचा असेल तर कडीच्या आतल्या, दिसणार नाही अशा भागावर बारीक कानस एकदाच हलकी फिरवून पाहावी. कानस धरली आणि चकाकणारा ओरखडा उठला तर लोखंड मऊ आहे. कानस घसरली तर कडी कठीण आहे. ओळखीचा नसेल तर ही चाचणी कुलूप विकत घेतल्यावर करावी, आधी नव्हे.

स्टेनलेस स्टीलबद्दल एक गैरसमज आहे. ते गंजत नाही हे खरे, पण न गंजणे आणि न कापले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; साधी स्टेनलेस कडी कठीण केलेल्या पोलादी कडीपेक्षा लवकर कापली जाते. पितळेचेही तसेच. पितळी अंगाचे कुलूप पावसाळ्यात वर्षानुवर्षे सुरळीत चालते, पण पितळ मऊ असल्यामुळे त्याच्या अंगावर ड्रिल चालवणे सोपे असते. म्हणून उघड्यावरच्या दाराला पितळी अंग आणि कठीण पोलादी कडी हा मध्यम मार्ग बरा, आणि आडोशाच्या दाराला पूर्ण पोलादी अंगाचे कुलूप. पत्र्यांचे थर रिवेट करून बनवलेली कुलपे मजबूत असतात, परंतु थरांच्या मधे पाणी शिरून ती आतून गंजतात, हे आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टचा विचार करून लक्षात ठेवावे.

कडीची उंची म्हणजे अंगापासून कडीच्या आतल्या कमानीपर्यंतचे अंतर. इथे नवख्यांची नेहमी चूक होते. लांब कडीचे कुलूप लावायला आणि काढायला सोयीचे असते, पण कडीत जितकी मोकळी जागा, तितकी कटरचे जबडे किंवा पहारेचे टोक घालायला सोय. कोयंडा आणि पट्टी आत गेल्यावर कडीत जवळजवळ पोकळी उरू नये. याच कारणासाठी काही कुलपांच्या अंगालाच दोन्ही बाजूंनी खांदे उंचावलेले असतात आणि कडीचा फक्त वरचा तुकडा दिसतो. आणि काही कुलपे गोल, पुरणपोळीएवढी नव्हे पण मोठ्या पेढ्यासारखी चपटी असतात, ज्यांची कडी जवळजवळ पूर्ण आतच असते. हे गोल कुलूप आब्युस या जर्मन कंपनीने आधी लोकप्रिय केले, आता त्या घडणीची कुलपे अनेक जण बनवतात. मात्र त्यांना साजेसा कोयंडा लागतो. नेहमीच्या अल्ड्रॉपला ती बहुधा लागत नाहीत.

शेवटी ग्राइंडरबद्दल. बॅटरीवर चालणारा हातातला ग्राइंडर आता कुठेही मिळतो आणि तो जवळजवळ कोणतीही कडी कापतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ते पाणी ओसरल्यावर माझे कुलूप गाळाने इतके भरले होते की किल्ली आत जाईना, आणि शेवटी मीच ते ग्राइंडरने कापून घेतले. कठीण केलेली बारा मिलिमीटरची कडी तुटायला दोन मिनिटे लागली असतील. पण त्या दोन मिनिटांत ठिणग्यांचा फवारा आणि किंचाळणारा आवाज एवढा होता की गल्लीच्या टोकाचे दुकानदार बघायला आले. कुलपाकडून एवढेच काम अपेक्षित धरावे : चोराला वेळ लागावा आणि आवाज करावा लागावा. पुढचे काम दिवा, शेजारी आणि रखवालदार यांचे आहे.

चौथी पायरी : आतली रचना

आपल्या बाजारात मुख्यतः दोन जातींची कुलपे दिसतात. एक लिव्हरची, ज्यांत धातूच्या पातळ पट्ट्या एकावर एक असतात आणि किल्लीने प्रत्येक पट्टी नेमक्या उंचीला उचलली तरच कुलूप उघडते. दुसरी पिनांची, ज्यांत स्प्रिंगवरच्या छोट्या पिना असतात; लिनस येल या अमेरिकन कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या रचनेला आजचे रूप दिले. गोदरेजचे नवताल हे लिव्हरचे कुलूप आपल्याकडे घराघरात आहे, आणि त्यात पाच-सहापासून आठ लिव्हरपर्यंतचे प्रकार मिळतात. लिव्हर जास्त असले की दुसऱ्या किल्लीने कुलूप उघडण्याची शक्यता कमी होते. म्हणून गाळ्याला निदान सहा-सात लिव्हरचे घ्यावे. आर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलपे बनवायला सुरुवात केली, आणि उत्तरेत अलीगढ हे तर कुलपांचेच शहर आहे. दुकानात दिसणारे कमी परिचित नावाचे पुष्कळ कुलूप तिथूनच आलेले असते. नाव अपरिचित आहे एवढ्यावरून ते वाईट ठरवू नये. कडी मोजावी, चाचणी करावी, मग मत बनवावे.

तारेने कुलूप उघडणाऱ्या चोरांच्या गोष्टी सर्वांना आवडतात. १८५१ मध्ये लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्स या अमेरिकन कारागिराने इंग्लंडची ‘न उघडणारी’ म्हणून गाजलेली कुलपे उघडून दाखवली, आणि त्यांपैकी ब्रामाच्या कुलपाला त्याला कित्येक दिवस लागले. मार्केट यार्डात कोणी कित्येक दिवस बसत नाही. म्हणून किल्लीच्या भोकाची नवलाई सांगणाऱ्या जाहिरातीवर जादा पैसे खर्च करण्याआधी कडी आणि कोयंडा पुरे झाले आहेत ना, ते पाहावे.

एक दोष मात्र स्वस्त कुलपांत सर्रास असतो आणि तो दुकानातच ओळखता येतो. कुलूप उघडून कडीचे दोन्ही पाय नीट पाहावेत. आतल्या बाजूला खाचा असतात, ज्यांत कुलपाची जीभ किंवा गोळी अडकते. खाच एकाच पायाला असेल तर ते कुलूप एकाच बाजूने धरते. ती बाजू सुटली किंवा कापली की कडी फिरवून कुलूप निघते. खाच दोन्ही पायांना असेल तर दोन्ही बाजूंनी धरते, आणि गाळ्याला असेच हवे. दुसरे म्हणजे खाचेचा आकार. दाबून लागणाऱ्या साध्या कुलपाची खाच एका बाजूने उताराची असते आणि त्यात स्प्रिंगची जीभ बसते. अशी जीभ पातळ पत्र्याने मागे सरकवता येऊ शकते. खाच अर्धगोल असेल तर आत पोलादी गोळ्या असतात आणि हा धोका राहत नाही. किल्ली फिरवल्याशिवाय बंद न होणारे, किंवा बंद केल्याशिवाय किल्ली न सोडणारे कुलूप हेही चांगले. त्यात ‘लावले असे वाटले पण लागलेच नव्हते’ हा प्रकार होत नाही, जो रात्री आठ वाजता दमलेल्या माणसाकडून फार होतो.

आकड्यांची कुलपे गाळ्याला वापरू नयेत. अलार्मची कुलपे वापरायची असतील तर वापरावीत, पण त्यांतील बॅटरी संपते, आणि रात्री वाऱ्याने शटर हलून दोन-तीनदा अलार्म वाजला की शेजारी त्याकडे लक्ष देणे सोडतात. मोबाइलने उघडणाऱ्या कुलपांचे मी अजून काही ठाम सांगू इच्छित नाही, एवढेच म्हणतो की त्यांचीही कडी वरीलप्रमाणेच मोजावी.

ज्यांना प्रमाणांवर जायचे आहे त्यांच्यासाठी : भारतात पॅडलॉकसाठी आयएस २७५ हे मानक आहे, आणि युरोपात ईएन १२३२० या मानकात कुलपांना एक ते सहा असे दर्जे असतात, सहा सर्वांत मजबूत. वेष्टनावर तिसरा किंवा चौथा दर्जा लिहिलेला असेल तर साधारण गाळ्याला ते पुरेसे होते. महागड्या मालासाठी त्याहून वर जावे, पण मग कोयंडाही त्याच तोलाचा बसवावा लागेल.

पाचवी पायरी : खरेदी आणि किल्ल्या

खरेदी पक्क्या बिलावर करावी, वेष्टन न फोडलेले घ्यावे आणि घरी येण्याआधी, दुकानातच, सर्व किल्ल्या एकेक करून लावून-काढून पाहाव्यात. दोनऐवजी तीन किल्ल्या मिळत असतील तर मोजून घ्याव्यात. एखादी किल्ली कमी निघाली तर ते कुलूप परत द्यावे, कारण कमी असलेली किल्ली कुठेतरी असतेच. किल्लीवर किंवा सोबतच्या कार्डावर क्रमांक असेल तर तो लिहून ठेवावा आणि कार्ड गाळ्यात नव्हे, घरी ठेवावे. किल्लीचा फोटो कोणत्याही ग्रुपवर टाकू नये.

शटरला दोन-तीन कुलपे असतील तर एकाच किल्लीने उघडणारा संच मागता येतो. सोय मोठी आहे, पण एक किल्ली हरवली की तिन्ही कुलपे गेली. मी स्वतः कडांची दोन कुलपे एका किल्लीची आणि मधले वेगळे ठेवतो. दिवाणजीकडे पहिली आणि माझ्याकडे दुसरी, म्हणजे दोघे असल्याशिवाय शटर उघडत नाही. हंगामात, हळदीचे सौदे चालू असताना, ही व्यवस्था त्रासाची वाटते. तासगावच्या बेदाण्याचा व्यापार करणारे माझे एक स्नेही तर याला थेट कटकट म्हणतात. आपल्या कामाची गती पाहून ठरवावे.

आधीच्या भाडेकरूने ठेवलेले कुलूप, ते कितीही चांगले असले तरी, वापरू नये. त्याची किल्ली किती जणांकडे गेली हे मालकालाही ठाऊक नसते. नोकर सोडून गेला तर कुलूप बदलावे, भांडून गेला असेल तर त्याच दिवशी. पिनांच्या कुलपांचा सिलिंडर काही कुलूपवाले बदलून देतात, म्हणजे पूर्ण कुलूप टाकावे लागत नाही.

विमा उतरवला असेल तर पॉलिसीतील किल्लीविषयीचे कलम वाचावे. चोरीच्या नेहमीच्या पॉलिसीत आत शिरताना बळाचा वापर झाल्याची खूण असावी अशी अट असते, आणि मूळ किंवा नकली किल्लीने दार उघडून माल गेला तर दावा अडकू शकतो. म्हणून तुटलेले कुलूप किंवा पट्टी चोरीनंतर हलवू नये. पोलिसांचा पंचनामा होईपर्यंत जसे आहे तसे राहू द्यावे.

मालावर तारण कर्ज घेतलेले असेल तर गोष्ट वेगळी होते. अशा साठ्यावर बँकेचे किंवा बाजार समितीचे कुलूप असते आणि किल्ली त्यांच्याकडे असते. शेतमाल तारण योजना आपल्याकडे १९९०-९१ पासून चालू आहे, आणि हळद व बेदाणा दोन्ही त्यात तारण ठेवता येतात. तारणाचे कुलूप अडकले, गंजले, पाण्यात गेले, तरी ते स्वतः तोडू नये. लेखी कळवून त्यांच्या माणसासमोरच उघडावे.

सहावी पायरी : पावसाळा, धूळ आणि पूर

सांगलीतील कुलपांचा खरा शत्रू चोर नसून हळदीची भुकटी आहे, असे मी अर्धवट गमतीने म्हणतो. पॉलिशच्या दिवसांत ती हवेत तरंगत असते आणि किल्लीच्या भोकात जाते. अशा वेळी घरातले गोडेतेल किंवा खोबरेल सोडले तर भुकटी आणि तेल मिळून आत लगदा होतो आणि पिना अडकतात. पिनांच्या कुलपात ग्राफाइटची पूड घालावी. ती नसेल तर मऊ शिसपेन्सिल किल्लीच्या दात्यांवर घासून किल्ली दहा-बारा वेळा आत-बाहेर करावी. उघड्यावर भिजणाऱ्या कुलपाला शिवणयंत्राचे पातळ तेल चालते, पण ज्यात ग्राफाइट घातले आहे त्यात तेल घालू नये आणि ज्यात तेल आहे त्यात ग्राफाइट घालू नये. ग्रीस तर कधीच नाही.

कुलूप शक्यतो किल्लीचे भोक खाली येईल असे लटकावे, म्हणजे पाणी थांबत नाही. भोक बाजूला येत असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा वरून बांधावा. मेअखेरीस, पाऊस सुरू होण्याआधी, प्रत्येक कुलूप काढून, पुसून, त्यात आधी जे घातले असेल ते तेल किंवा ग्राफाइट देऊन पुन्हा लावावे, आणि तेव्हाच बोल्टचे नट आतून पान्याने एकदा आवळावेत. शटरच्या जमिनीलगतच्या कोयंड्यात साचलेली माती खरवडून काढावी, कारण ओली माती लोखंड खाते.

नदीकाठच्या भागात गाळा असेल आणि पाण्याची पातळी वाढू लागली असेल, तर माल हलवून झाल्यावर जमिनीलगतची चांगली कुलपे काढून घ्यावीत आणि तिथे तात्पुरती स्वस्त कुलपे लावावीत. पाण्यात कोणी चोरी करायला येत नाही, आणि आलाच तर रिकाम्या गाळ्यातून नेणार काय. पाण्याखाली गेलेले कुलूप पूर ओसरल्यावर किल्लीने जोर लावून उघडू नये. किल्ली आत मोडली की ग्राइंडरशिवाय उपाय उरत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. आधी नळाचे स्वच्छ पाणी किल्लीच्या भोकात आणि कडीच्या दोन्ही भोकांत सोडून गाळ बाहेर येईपर्यंत धुवावे, आपटू न देता झटकावे, मग गंज सोडवणारे पातळ तेल फवारून तासभर थांबावे आणि किल्ली हलक्या हाताने थोडी थोडी आत सरकवावी. उघडले तर उन्हात सुकवून पुन्हा तेल द्यावे. पहिल्या दिवशी न उघडले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करावे. दोन दिवसांनी कुलूपवाल्याला बोलवावे.

सातवी पायरी : लावल्या दिवसाची तपासणी

सगळे बसवून झाले की निघण्याआधी प्रत्येक कुलूप प्रत्येक किल्लीने निदान दहा वेळा लावून-काढून पाहावे आणि बंद झाल्यावर कडीला दोन्ही हातांनी ओढून बघावे. आत कोणी हमाल किंवा मूल राहिलेले नाही ना, यासाठी शटर ओढण्याआधी मोठ्याने हाक मारण्याची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्यावी. मग अंधार पडल्यावर एकदा परत यावे, हातात फक्त बॅटरी घेऊन, आणि कुलूप उघडून पाहावे : किल्ली अंधारात भोक शोधते का, खाली वाकल्यावर बोटांना जागा पुरते का, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला आपण दिसतो का.